कपाटातला करार काढा

निवृत्त झालेल्या एखाद्या बाईंना "तुमचं ते बालगीतांचं पुस्तक आता कुठे मिळतं हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "छे, केव्हाच संपलं. प्रकाशक पुन्हा काढत नाहीत, आणि हक्क त्यांच्याकडेच." मग अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरायची आणि शेवटी झेरॉक्सवर भागवायचं. माझं म्हणणं एवढंच, की "हक्क त्यांच्याकडेच" हे वाक्य तपासल्याशिवाय बोलू नये.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच लागतं, सहीनिशी. आपल्याकडे कितीतरी पुस्तकं नुसत्या शब्दावर निघाली. तिथे हक्क लेखकाकडून गेलेलेच नसतात! करार लेखी आहे पण मुदत घातलेली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर ते सुटतात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. मेख अशी, की या दोन्ही सवलती १० मे १९९५ पासूनच्या करारांना. त्याआधीच्या पुस्तकांसाठी करारातला शब्द न् शब्द वाचावा लागतो.

त्या शब्दांना केवढं मोल असतं ते पुण्याने पाहिलंय. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांवरून त्यांचे वारस आणि देशमुख आणि कंपनी यांच्यातला वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २००५च्या त्या निकालात खल झाला तो यावर, की जुना करार म्हणजे हक्कांचं हस्तांतरण, की नुसता छापण्याचा परवाना? परवाना असेल तर मालकी लेखकाची, त्याच्या पश्चात वारसांची. 'ययाति' आज मेहता पब्लिशिंग हाऊसकडून येते.

लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचंच होतं, हे खरं. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं, छापतातही. पण बाईंच्या बालगीतांसाठी इतकं थांबायचं? तोवर ती म्हणणारी मुलंच आजी-आजोबा झालेली असतील.

तेव्हा करार शोधा. सापडला नाही तरी प्रकाशकांना रीतसर पत्र लिहा : पुस्तक पुन्हा काढणार का, नसल्यास हक्क परत केल्याचं लेखी द्याल का? स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. आणि हो, आतली चित्रं दुसऱ्या कुणी काढली असतील तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. हे हमखास विसरतं.