सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. अल्प शक्तीच्या माणसास हिणविण्याकरितां ती योजतात. परंतु ह्याच सरड्याच्या मराठी नांवानें आतां गांवाचेंच नव्हे, तर देशाचेंही कुंपण ओलांडलें आहे. २०१६ सालीं व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ व त्यांचे सहकारी ह्या संशोधकांनीं भारतांतील सरड्यांची एक नवी प्रजाति, म्हणजे निकटच्या जातींचा एक नवा गट, जगापुढें मांडला व त्याचें शास्त्रीय नांव ‘सरडा’ असेंच ठेविलें. ग्रीक व लॅटिन नांवांच्या पंगतीस आपल्या घरचा शब्द बसला, ह्याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु नुसत्या आनंदानें विद्या वाढत नाहीं. हें नांव कोणत्या परीक्षेंतून उतरलें, तें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

हे सरडे उघड्या माळावर राहतात. त्यांच्या मागील पायांस पांचांऐवजीं चारच बोटें असतात. पावसाळ्यापूर्वीं नर एखाद्या दगडावर चढून गळ्याखालील कातडी पंख्याप्रमाणें उघडतो व मिटतो. फ्रेंच पंडित क्यूव्हिए ह्यानें १८२९ सालीं ‘सिटाना’ ही प्रजाति स्थापिली व तिच्यांतील जातीस पाँडिचेरीवरून नांव दिलें. पुढें दीर्घकाळ देशांतील बहुतेक पंखेवाले सरडे सामान्यतः त्या एकाच जातींत गणले जात. वास्तविक कांहींचा पंखा लहान व फिकट, तर कांहींचा मोठा आणि निळा, काळा व नारिंगी. भेद डोळ्यांसमोर होता. तो किती खोल आहे, हा प्रश्न होता.

संशोधकांनीं दोन साक्षीदार बोलाविले. पहिला साक्षीदार शरीर: अवयवांचीं मापें, खवले, हाडांची ठेवण. दुसरा डीएनए, म्हणजे आईबापांकडून संततीकडे उतरणारी, प्रत्येक पेशींत लिहिलेली कुळाची वही. दोघांची साक्ष जुळली. एकाच वृक्षाच्या ह्या दोन निराळ्या शाखा ठरल्या. एकीस सिटाना हें जुनें नांव राहिलें, दुसरीस सरडा हें नवें मिळालें. त्याच वेळीं पांच नव्या जातींचेंही वर्णन झालें. त्यांपैकीं सरडा प्रजातींतील एकीस डार्विनचें नांव दिलें आहे, व दुसरी, ‘सुपर्बा’, सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावरची आहे.

कोणी म्हणेल, डीएनए वाचणारें यंत्र हातीं आल्यावर बोटें व खवले मोजण्याचे कष्ट कशाला? ह्याचें उत्तर एका फुलपाखरानें दिलें आहे. ‘चपळ’ कुळांतील फुलपाखरें जाड अंगाचीं, टोकाशीं आंकड्याप्रमाणें वळलेल्या स्पर्शिकांचीं व नांवाप्रमाणेंच चपळ असतात. कोस्टारिका देशांत डॅनियल जँझेन व विनी हॉलवॉक्स ह्यांनीं वर्षानुवर्षें रानांतील सुरवंट आणून वाढविले. सर्व ज्यास एकच जाति समजत, त्या एका चपळ फुलपाखराचे सुरवंट निरनिराळ्या रंगांचे निघाले व निरनिराळ्या झाडांचीं पानें खाऊं लागले. २००४ सालीं पॉल हेबर्ट ह्यांच्यासह त्यांनीं डीएनए तपासला व एका नांवाखालीं दहा जाती असाव्यात, असा निष्कर्ष काढला. त्या आंकड्यावर पुढें वाद झाला. शास्त्रांत तो व्हावयाचाच. परंतु कोणता सुरवंट कोणत्या झाडावर मिळाला, हें टिपून ठेवणारा माणूस नसता, तर यंत्रानें वाचलेल्या अक्षरांचा अर्थ कोणी लाविला असता?

पालक विचारतील, ‘ह्याचा उपयोग काय?’ आम्ही सांगतों. जो प्राणी सर्वत्र आहे असें आपण मानतों, तो एका माळावरून नाहींसा झाला तर कोणी हळहळत नाहीं. तो त्याच माळावरचा आहे हें कळलें, म्हणजे माळाचें मोल कळतें. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत सागाच्या रानास आपण रान म्हणतों; परंतु गवताळ, खडकाळ माळास ‘पडीक’ म्हणून मोकळे होतों. हेंही एक वर्गीकरणच आहे, व तें न तपासतां केलेलें आहे. चुकीचें नांव केवळ पुस्तकांत राहत नाहीं. तें नांगर, यंत्र आणि आग घेऊन माळावर येतें.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, सरडा दिसतांच दगड उचलूं नका, वही उचला. तारीख, जागा, रंग, बोटें लिहा. करंजाच्या कोंवळ्या पानांवर चपळ कुळांतील एका फुलपाखराचे सुरवंट वाढतात. ते शोधा व पाहा. पालकांनींही हा वेळ अभ्यासांतून चोरलेला समजूं नये. पाहिल्यावांचून मत देऊं नये आणि एकाच साक्षीवर निकाल करूं नये, ही संवय ज्या मुलास लागली, तो प्राण्यांविषयींच नव्हे, तर माणसांविषयींही उतावळेपणानें बोलणार नाहीं. शाळेनें द्यावयाचें शिक्षण ह्याहून फारसें निराळें नाहीं, असें आमचें मत आहे.