दोन किलो कुरडया, सात किलोचं भाडं

औशाहून दोन किलो कुरडया पुण्याला धाडायच्या, तर मोडू नयेत म्हणून खोका मोठाच लागतो. समजा ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा. लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागलं की बऱ्याच कुरिअर कंपन्यांच्या हिशेबी वजन ७.२ किलो, आणि भाडंही त्याचंच! वर इंधन अधिभार, १८ टक्के जीएसटी. गिऱ्हाइकाने पार्सल परत केलं तर परतीचं भाडंही बहुधा विकणारीच्याच माथी. आणि बऱ्याचदा हे कळतं पैसे कापून गेल्यावर. डिझेल महागतं, हे आम्हालाही कळतं. पण पूर्ण आकडा पार्सल उचलण्याआधीच सांगायला हवा. घरून माल विकणाऱ्या भगिनींनो, खोका बंद केल्यावर टेपने मोजा, फोटो ठेवा आणि चुकीच्या कपातीची लेखी तक्रार कराच.