आजीला सोडून कसली सहल?

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला घर मोजून मिळते. दिवाळीचे काही दिवस आणि उन्हाळ्याचे काही आठवडे. त्यामुळे या दिवाळीत मी होसकोट्याला घरी गेलो आणि बाबांनी जेवताना जाहीर केले, "मे महिन्यात श्रीलंकेला जाऊ. जंगल, डोंगर, समुद्र, सगळे बघू," तेव्हा मला फार आनंद झाला. मग बाबा जरा आवाज उतरवून म्हणाले, "आजीला तेवढे दिवस मिरजेला आत्याकडे ठेवू. तिला हे झेपणार नाही."

आजी काही बोलली नाही. ताटातली अर्धी भाकरी मात्र तिने परत ठेवली.

त्या रात्री माझे जे मत झाले ते इथे मांडतो. परदेशातल्या साहसी सहलीचा आराखडा ठिकाणांवरून आखू नये, बरोबर येणाऱ्या माणसांवरून आखावा. जो आराखडा घरातल्या एका माणसाला घरीच ठेवून सुरू होतो, तो कच्चा आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका टूर कंपनीबरोबर परदेशात गेलो होतो. ६ दिवस आणि ४ शहरे. धबधब्यासाठी २० मिनिटे, समुद्रासाठी अर्धा तास. धाकट्या बहिणीला बस लागली, आई तिला सांभाळत बसली. मला त्या देशातले सर्वात जास्त काय आठवते, तर बसच्या खिडकीचा निळा पडदा. तेव्हाही आजी मिरजेलाच होती.

आपल्याला शाळेत वेगळे शिकवतात. रूट मार्चमध्ये सर्वात मागे चालणाऱ्याचा वेग हाच तुकडीचा वेग. नकाशा-वाचनाच्या तासाला आपण नेस्मिथचा नियम शिकतो. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. १८९२ साली एका स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला हा नियम धडधाकट माणसासाठी आहे. आजीसाठी तो बदलावा लागतो, एवढेच. नियम बदलता येतो, मग माणूस का वगळायचा?

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हणालो, "मला दोन दिवस द्या. मी आराखडा करून दाखवतो." ते हसले, पण त्यांनी नकाशा छापून आणून दिला.

पहिला प्रश्न हवामानाचा. आपली मोठी सुट्टी मे-जूनमध्ये येते, ती आपण बदलू शकत नाही. श्रीलंका लहान असली तरी तिथे दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर पडतो. त्याच काळात पूर्व किनारा कोरडा आणि समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत हे उलट होते. म्हणजे बाबांनी ठरवलेला दक्षिण किनारा आमच्या तारखांना नेमका भर पावसात सापडत होता.

मग मी काट मारायला सुरुवात केली. सिंहराजा हे १९८८ पासून जागतिक वारसा असलेले वर्षावन नैर्ऋत्येला आहे. मे महिन्यात तिथे पाऊस आणि जळवा. काट. श्रीपाद शिखर २,२४३ मीटर उंच, हजारो पायऱ्या, आणि चढाईचा हंगाम मेमध्येच संपतो. काट. मिन्नेरियाच्या तलावाकाठी शेकडो हत्ती जमतात, पण त्यांची मोठी गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, तेव्हा मी परेडला असतो. काट करताना वाईट वाटले, पण तीन ठिकाणे गेल्यावर नकाशा स्वच्छ दिसू लागला.

उरले दोनच मुक्काम. पहिला सिगिरियाजवळ. विमान बंगळूरहून कोलंबोला दीड तासात पोहोचते आणि तिथून सिगिरिया मोटारीने सुमारे ४ तास. सिगिरियाच्या खडकावर सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. त्या बाबा, बहीण आणि मी चढणार. आई आणि आजी पायथ्याच्या जुन्या राजबागेत, पाण्याच्या कुंडांपाशी थांबणार. दुसरा मुक्काम पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला. तिथून जवळ निलावेलीच्या किनाऱ्यासमोर पिजन आयलंड हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लाइफ जॅकेट घालून आणि स्नॉर्केल लावून प्रवाळ आणि लहान शार्क मासे पाहता येतात. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, कारण ते दगड नाहीत, जिवंत प्राण्यांनी बांधलेले घर आहे.

आणि त्रिंकोमालीलाच समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचे देऊळ आहे. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात ते पाडले, नंतर ते पुन्हा उभे राहिले. मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "महादेवाचे का रे? परत वाच." घरात कोणीच तिला विचारले नव्हते की तुला काय बघायचे आहे. मीही नाही.

तालीम हवीच, म्हणून आम्ही एका रविवारी कोलारच्या अंतरगंगेला गेलो. होसकोटे आणि कोलार ही दोन्ही गावे कधी काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होती, हे बाबांनी गाडीत सांगितले. आजी थांबत थांबत देवळापर्यंतच्या पायऱ्या चढली आणि झऱ्यापाशी बसली. आम्ही वरच्या गुहांकडे गेलो. परत आलो तेव्हा ती दमलेली नव्हती, आमची वाट बघून कंटाळली होती.

एक चूक मात्र उघडी पडली. माझा पासपोर्ट दहाव्या वर्षी काढलेला. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ व्या वाढदिवसापर्यंतचा, जे आधी येईल ते. माझा संपला होता! नव्यासाठी स्वतः हजर राहावे लागते आणि मी तर वसतिगृहात. सुट्टी संपण्याआधी तीन दिवस धावपळ करून ते काम झाले. मित्रांनो, घरी गेलात की आधी स्वतःचा पासपोर्ट उघडून तारीख पाहा. व्हिसाचे नियमही बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच वाचा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परत येताना विमानतळावरच वेगळे ठेवतात. श्रीलंकेत काळजी डेंग्यूची. तो डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे.

बाबांचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. ते म्हणाले, "इतका पैसा घालायचा आणि दोनच ठिकाणे? पुन्हा केव्हा जाणार?" पैसा ते साठवतात, मी नाही, म्हणून हा मुद्दा मी हलका समजत नाही. पण माझे उत्तर हे: पुन्हा जाता येईल असा देश आहे, आणि आजी पुढच्या मे महिन्यात ७४ वर्षांची होईल. जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही ती आधी घ्यावी.

काही मित्र म्हणतील, आजीबरोबर कसले साहस? एकट्याने कडा चढणे मला आवडते, ते मी शाळेत करतोच. पण आपल्यामुळे कोणी मागे राहू नये असा मार्ग शोधणे जास्त अवघड आहे, असे मला या दिवाळीत कळले. पालकांनाही विनंती आहे, सुट्टीचा बेत पूर्ण ठरवून आम्हाला सांगू नका. नकाशा आमच्या हातात द्या, आणि आजी-आजोबांना त्याच्याजवळ बसवा.

आजी आता रोज सकाळी होसकोट्याच्या तळ्याच्या बांधावर चालते. रविवारी फोन आला की खुशाली विचारण्याआधी मिनिटे सांगते. गेल्या रविवारी ४० झाली होती.