ऑब्स्ट्रक्शन नेमकं कुणाचं?

परवा एका बैठकीला गेलो होतो. आमच्या खारेपाटातून जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या मोजणीची बैठक. पाठीमागून एक म्हातारबाबा उठले आणि साधा प्रश्न विचारला, "साहेब, इथं भराव टाकलात तर उघाडीचं पाणी जायचं कुठून? उधाणाला बांधाला खांड गेली तर शेतात खारं पाणी. मग पुढची दोन-तीन वर्षं भात विसरा."

उत्तर काय मिळालं? "तुम्ही लोक डेव्हलपमेंटला ऑब्स्ट्रक्ट करताय."

म्हातारबाबा खाली बसले. शब्द कळला नाही, पण टोन कळला. बाकी सगळेही गप्प. त्या गप्प बसण्याचा राग आला म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

हा शब्द मुळात लॅटिन. 'ऑब' म्हणजे समोर, आड. 'स्ट्रुएरे' म्हणजे रचणं, बांधणं. कन्स्ट्रक्शन आणि ऑब्स्ट्रक्शन ही एकाच घरातली भावंडं! ऑब्स्ट्रक्ट करणं म्हणजे कुणाच्या तरी वाटेत काहीतरी रचून ठेवणं. आता सांगा, त्या बैठकीत वाटेत रचणारं कोण होतं? म्हातारबाबांनी फक्त तोंड उघडलं. पाण्याच्या वाटेत मातीचा ढीग रचणार दुसरेच.

आपल्या मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. प्रश्न विचारणं वेगळं, हरकत घेणं वेगळं, विरोध करणं वेगळं आणि खोडा घालणं वेगळं. हरकत घेणं तर कायदेशीर हक्क आहे, जाहीर सूचनेतच "हरकती मागवण्यात येत आहेत" असं छापतात. आधी मागवायच्या आणि दिल्या की ऑब्स्ट्रक्शन म्हणायचं, हे कुठलं गणित?

आता कायदा बघू, कारण या शब्दाची भीती तिथूनच येते. 'सरकारी कामात अडथळा' म्हटलं की गावातला माणूस थरथरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ : सरकारी नोकराला त्याचं काम करताना अडथळा आणला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळ्यांना माहीत. पण त्याच संहितेत कलम २८५ आहे, ते कुणी सांगत नाही. सार्वजनिक रस्त्यावर किंवा जलमार्गावर कुणाला धोका, अडथळा किंवा इजा होईल असं काही केलं, किंवा आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची घ्यायची ती काळजी घेतली नाही, तर पाच हजारांपर्यंत दंड. नीट वाचा. काही न करणं हासुद्धा अडथळा असू शकतो, असं कायदाच म्हणतो.

मग मुंबई-गोवा हायवेकडे बघा. पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर. चौपदरीकरण सुरू झालं २०११ मध्ये. त्या साली जन्मलेलं पोर दहावीला पोचलं. मुदतीमागून मुदती गेल्या. कारणं काय दिली गेली? भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातली परवानगी, ठेकेदारांकडे पैसा नाही. गणपतीला वडखळपाशी गाडीत बसून ज्यांनी तासन् तास काढलेत, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, आपली वाट कुणी अडवली? पेणच्या शेतकऱ्यानं की उरणच्या कोळ्यानं?

कोळ्यांवरून आठवलं. जेएनपीटी बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठवला, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. नव्या जागी, हनुमान कोळीवाड्यात, घरांना वाळवी लागली. नीट पुनर्वसनासाठी या लोकांच्या पिढ्या अर्ज करण्यात गेल्या. शेवटी ते होड्या घेऊन जहाजांच्या चॅनलमध्ये उतरले, तेव्हा सगळ्या यंत्रणेला जाग आली. होडी आडवी आली तो अडथळा, आणि फाईल आडवी पडली ती 'प्रक्रिया'?

आणि आडवं येणारा नेहमी प्रगतीचा शत्रूच असतो का? १९८४ चा जानेवारी आठवा. १६ आणि १७ तारखेला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याचा मार्ग निघाला. ज्या सरकारी यंत्रणेला तेव्हा दि. बा. आडवे येत होते, त्याच राज्याच्या विधिमंडळानं २०२२ मध्ये नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्यावं असा ठराव केला. म्हणजे आडवं येण्याचा हिशेब चाळीस वर्षांनी लागतो, आणि तो बहुतेक वेळा वेगळाच निघतो.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. सगळा दोष साहेबांचा नाही. मोजणी लागली की रात्रीत पत्र्याची शेड उभी करून नुकसानभरपाई मागणारे आपल्यातच आहेत. "टिपर आमचेच लागले पाहिजेत, नाहीतर काम बंद" म्हणणारे पुढारीही आपलेच. त्याला मी ऑब्स्ट्रक्शनच म्हणेन, आणि तोंडावर म्हणेन. पण गंमत अशी की या मंडळींना बैठकीत पुढची खुर्ची मिळते, आणि तो शब्द मिळतो मागे उभ्या राहिलेल्या म्हातारबाबांना.

म्हणून एक करा. पुढच्या बैठकीत कुणी हा शब्द वापरला तर गप्प बसू नका. शांतपणे उठा आणि तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा : कुणी अडवलं, काय अडवलं आणि किती दिवस अडवलं. आपल्या हरकतीचे दिवस लिहा, त्यांच्या फाईलचे दिवस लिहा. पुढे बेरीज कुणीही करेल.

आणि हो, उघाडीच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पावसाळा थांबणार नाही, उधाण तर त्याहून नाही.