बारमाही उन्हाळी

आमच्या आक्काआत्या प्रवासाला निघायच्या असल्या की आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करीत. साताऱ्याहून कोल्हापूर म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. पण मे महिन्याच्या उन्हात एसटीच्या खिडकीशी त्या ओठ मिटून बसत. कऱ्हाडला गाडी थांबली की आम्हा मुलांना उसाचा रस घेऊन देत, स्वतः मात्र पेल्याला हात लावीत नसत. विचारले तर म्हणत, "मला उन्हाळी लागते ग." उन्हाळी म्हणजे लघवीची आग. त्यांच्या उशाशी धन्याजिऱ्याच्या पाण्याचा तांब्या बारा महिने असे. ही उन्हाळी भर श्रावणात कशी लागते, हा प्रश्न मला त्या वयातही पडला होता. घरातल्या मोठ्या माणसांना तो पडलेला काही दिसला नाही. आक्काआत्या चौतिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि २००९ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी गेल्या. त्यांतली निदान तीस वर्षे त्यांनी ही आग सोसली. त्यांना काय होत होते, हे मला कळले ते त्या गेल्यावर नऊ वर्षांनी. आणि तेही माझ्यावर तीच पाळी आली म्हणून.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे पुष्कळांना वाटेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ते ताट ज्या बाईने भरले तिला कदाचित या क्षणी हीच आग होत असेल, आणि ती तुम्हांला सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

माझी पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. सुटले, असे वाटले. वर्ष-दीड वर्षात मात्र आतून कोरडेपणा जाणवू लागला, खाज सुरू झाली, आणि मग लघवीची आग. ती वर्षातून चार-पाच वेळा उसळे. दर खेपेला लघवी तपासायची, प्रतिजैविकाच्या गोळ्या घ्यायच्या, आठ दिवस बरे वाटायचे, आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. नवराबायकोचा संबंध तर सुरीच्या पात्यासारखा झाला. मी टाळू लागले. कारण सांगायला शब्द नव्हते. आणि शब्द नाहीत म्हटल्यावर ह्यांनी आपल्या मनाशी एक कारण ठरवून टाकले, की हिचा आपल्यातला जीव उडाला. एका रात्री ह्यांनी आपली गादी उचलून हॉलमध्ये नेली. एका शब्दाचे भांडण न होता तीस वर्षांच्या संसाराला अशी तड गेली. ज्या डॉक्टरांकडे मी चार वर्षे गेले त्यांनी मला एकदाही तपासले नाही. एकदा धीर करून कोरडेपणाचा विषय काढला, तर चष्मा पुसत म्हणाले, "आता या वयात असे व्हायचेच, बाई. मन दुसरीकडे रमवा. नातवंडे वगैरे?"

या 'आता या वयात'शीच माझे भांडण आहे.

या वयात नेमके काय होते ते आधी पाहू. पाळी जाते तेव्हा नुसता रक्तस्राव थांबत नाही. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजन हे हॉर्मोन जवळजवळ नाहीसे होते. योनिमार्गाचे अस्तर आणि मूत्रमार्गाचे तोंड ही दोन्ही या इस्ट्रोजनवर पोसलेली. ते आटले की अस्तर पातळ पडते, त्याचा ओलावा आणि लवचीकपणा जातो, जरा धक्का लागला की ते सोलवटते. त्या अस्तरातल्या ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू जगतात आणि तिथली आम्लता राखतात. ते हटले की घातक जंतूंना रान मोकळे होते, आणि लघवीचे विकार पाठीशी लागतात. वैद्यकात पूर्वी याला योनीचा शोष म्हणत. २०१४ साली परदेशातल्या दोन तज्ज्ञसंस्थांनी ते नाव बदलले आणि नव्या नावात मूत्रमार्गालाही जागा दिली, कारण दुखणे दोन्हीकडचे, मूळ मात्र एकच. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास स्त्रियांना हा त्रास होतो. अंगातून निघणाऱ्या वाफा काही वर्षांनी बहुधा आपोआप कमी होतात. हे दुखणे तसे नव्हे. ते उपचारावाचून सहसा जात नाही, वर्षागणिक वाढते.

आणि उपचार आहे. साधा आहे. नुसत्या कोरडेपणाला वंगणासारखी मलमे मिळतात, त्यांत हॉर्मोन नसते. पुष्कळींचे तेवढ्यावर भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी इस्ट्रोजनचेच सौम्य मलम किंवा बारीकशी गोळी असते. ती पोटात घ्यायची नाही, जागच्या जागी ठेवायची: साधारण दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. आजच्या गोळीत इस्ट्रोजन असते दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्षांश. अशा अल्प मात्रेत रक्तातले इस्ट्रोजन पाळी गेलेल्या बाईत असते त्याच पातळीवर राहते. मला हे २०१८ साली एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले. त्यांनी आधी तपासले, मग कागदावर चित्र काढून समजावले, आणि मग मलम लिहून दिले. तीन महिन्यांत आग थांबली. मी घरी येऊन ते चित्र ह्यांच्यापुढे ठेवले. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढेच होते?" एवढेच होते. आणि एवढ्यासाठी आम्ही चार वर्षे दोन खोल्यांत झोपलो होतो.

हे ज्ञान काही कालचे नव्हे. १९९३ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ९३ स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्या पाळी गेलेल्या, सगळ्यांना वरचेवर मूत्रमार्गाचा संसर्ग होणारा. ज्यांनी इस्ट्रिऑलचे मलम योनीत वापरले त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला. ज्यांना औषधाविना मलम दिले त्यांना ५.९ वेळा. १९९३ साली आक्काआत्या पासष्ट वर्षांच्या होत्या. पुढची सोळा वर्षे त्या धन्याजिऱ्याचे पाणी पीत राहिल्या.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप निसर्गाचा. पाळी जाणे नैसर्गिक आहे, मग त्यावर औषध कशाला? मोतीबिंदूही नैसर्गिकच. दात पडणे, कान जड होणे, हीही निसर्गाचीच कृपा. आमच्या घरातल्या कोणा पुरुषाने मोतीबिंदू निसर्गाचा प्रसाद म्हणून डोळ्यांत सांभाळून ठेवल्याचे मला आठवत नाही. निसर्गाची आठवण आपल्याला फक्त बाईच्या दुखण्याशीच होते.

दुसरा आक्षेप सोवळेपणाचा. हा शय्यागृहातला विषय, आणि साठीकडे झुकलेल्या बाईला त्याची हौस कशाला? यावर मी दोन उत्तरे देते. एक असे, की साठीच्या बाईला नवऱ्याचा सहवास हवासा वाटत असेल तर त्यात कोणाचे काय गेले? पुरुषाच्या तशाच हौसेसाठी औषधांच्या जाहिराती रेल्वेमार्गाकडेच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगवलेल्या मी लहानपणापासून वाचत आले आहे. त्याने कोणाचे सोवळे बाटलेले पाहिले नाही. दुसरे उत्तर आक्काआत्यांचे. त्यांच्या आयुष्यात सत्तेचाळीस वर्षे शय्यागृह नव्हते, आग मात्र होती. जे लोक हा प्रश्न फक्त शरीरसंबंधाचा मानून लाजतात, ते विधवेच्या, परित्यक्तेच्या, अविवाहितेच्या दुखण्यालाही त्या लाजेखाली झाकून टाकतात. बाईला पाणी पिता यावे, चालता यावे, रात्रीची झोप मिळावी, यात शृंगार कुठे आला?

तिसरा आक्षेप खरा, आणि तो मी हलका मानीत नाही. हॉर्मोनने कर्करोग होतो, असे म्हणतात. या भीतीला इतिहास आहे. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक लिहिले. पाळी गेलेली बाई म्हणजे मोडकळीला आलेली वस्तू, आणि हॉर्मोन हा तिच्यावरचा कल्प, असा त्याचा सूर होता. पुस्तक धडाक्याने खपले, गोळ्याही खपल्या. १९७५ साली दिसून आले, की पोटातून नुसते इस्ट्रोजन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढला आहे. मग त्याच्या जोडीला दुसरे हॉर्मोन देऊ लागले. २००२ च्या जुलैत अशा जोडगोळीचा १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रोगी जास्त आढळले. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते आणि गोळी पोटातून घ्यायची होती. पण २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जो काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, तो इस्ट्रोजनच्या सगळ्याच औषधांवर: पोटातल्या गोळीवर आणि चिमूटभर मलमावरही. एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या गावाला दंड! पुढे ज्या हजारो स्त्रियांनी ते मलम वर्षानुवर्षे वापरले त्यांची नोंद तपासली, तेव्हा कर्करोग वा हृदयविकार वाढलेला आढळला नाही. इंग्लंडमध्ये २०२२ पासून दहा मायक्रोग्रॅमची ती गोळी पन्नाशीपुढच्या स्त्रियांना डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून औषधविक्रेत्याकडे मिळू लागली. अमेरिकेने तो इशारा काढण्याची घोषणा केली ती २०२५ च्या नोव्हेंबरात. मधल्या बावीस वर्षांत किती जणींनी खोक्यातला कागद वाचून नळी कपाटात ठेवून दिली असेल, त्याची मोजदाद कोण करणार?

तेव्हा माझे भांडण दोन्ही पक्षांशी आहे. विल्सनच्या वंशजांना मी सांगते, की मला चिरतारुण्य नको आहे. माझे केस पांढरे आहेत आणि ते तसेच राहणार आहेत. आणि भिववणाऱ्यांना सांगते, की भीतीलाही मात्रा असते. पोटातल्या गोळीची भीती मलमाला लावू नका. जपून राहायचे तिथे जरूर राहावे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवस न दवडता तपासून घ्यावे. ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्यावाचून हे औषध घेऊ नये. आणि मैत्रिणीची नळी पाहून कोणीच घेऊ नये. पण 'विचारून घ्या' आणि 'विचारूच नका' यांत फरक आहे. आपण इतकी वर्षे दुसरेच सांगत आलो.

हे पांढरपेशा बायकांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी बीडकडे पाहावे. २०१९ साली महाराष्ट्र सरकारच्या समितीपुढे जी पाहणी आली तीत ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही ज्यांची काढली, त्यांचे इस्ट्रोजन एका दिवसात तुटते. जे मला पन्नाशीत झाले ते त्यांना पस्तिशीत होते. फडात आडोसा नाही, पाणी नाही, मुकादमाला सुट्टी मागायची सोय नाही. त्यांना शस्त्रक्रियेच्या आधी हे कोणी सांगितले? नंतर कोणी विचारले? चोचले म्हणायचे तर त्या बाईच्या तोंडावर म्हणून दाखवा.

महाराष्ट्राला या विषयाची लाज शोभत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. शरीराविषयी सरळ मराठीत बोलता येते, हे त्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. ते शब्द आपण वापरले नाहीत, हा दोष भाषेचा नव्हे.

माझी मागणी लहान आहे. पन्नाशीची बाई रक्तदाबासाठी, साखरेसाठी, गुडघ्यासाठी दवाखान्यात येते. डॉक्टरांनी एक प्रश्न जास्त विचारावा: "बाई, लघवीला, खाली, काही त्रास आहे का?" प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आशाताई घरोघर बाळंतिणीची चौकशी करतात. त्याच उंबऱ्याआत बाळंतिणीची सासूही बसलेली असते. तिलाही विचारावे. आणि घरातल्यांनी एवढे करावे, की प्रवासाला निघताना कोणी पाणी पीत नसेल, कोणाच्या उशाशी बारा महिने धन्याजिऱ्याचे पाणी असेल, तर "उष्णता झाली असेल" म्हणून पुढे जाऊ नये.

आक्काआत्यांना तेव्हा मी एवढाच प्रश्न विचारला होता, की आत्या, रस का घेत नाही? उत्तर मिळाले होते. ते ऐकणारे मोठे माणूस गाडीत कोणी नव्हते.