कीड खुराड्यात, विष कोंबडीवर!



आपल्या सभांत कापसाच्या भावावर बोलणे होते, ज्वारीवर होते, विजेवर होते, रानडुकरांवर होते. कोंबडीवर कोणी बोलत नाही. बायकांचा कारभार म्हणून आपण तिला परसात सोडून दिले आहे. पण श्रावणात, पऱ्हाटी पात्यावर असते आणि घरात दमडी नसते, तेव्हा मीठ-तेल, पोराची वही, दवाखान्याचे भाडे कशातून निघते? आठवडी बाजारात विकलेल्या कोंबड्यातून. हा पैसा कर्जाच्या हप्त्यात कापला जात नाही, आडत्याच्या पट्टीत अडकत नाही. घरच्या बाईच्या हातात रोख पडणारा बहुधा तो एकच पैसा. तो पैसा रात्री कोण पिऊन जातो, त्याचा हा हिशेब.

चोराचे नाव कोळी. पऱ्हाटीवरचा लाल कोळी आपण ओळखतो. त्याच्याच जातकुळीतला, आठ पायांचा, मोहरीच्या दाण्याहून लहान. हा पानाचा रस पीत नाही, कोंबडीचे रक्त पितो. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही. बांबूच्या पोकळ पेरात, पऱ्हाटीच्या काड्यांच्या फटीत, कुडाच्या चिरेत, अंड्यांखालच्या जुन्या पेंढ्यात तो लपून बसतो. रात्री बाहेर येतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत बिळात. गोचीडही असाच रात्रीचा चोर.

परिणाम काय होतो? तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात, पिल्ले मान टाकतात. आपण म्हणतो मानमोडी आली. मानमोडीला लस आहे, ती टोचलीच पाहिजे. पण लस कोळ्याला अडवत नाही. खुडूक कोंबडीला २१ दिवस जागा सोडता येत नाही. गरमीच्या दिवसांत कोळ्याची पिढी साधारण आठवड्यात तयार होते. म्हणजे कोंबडी एकदा पिल्ले काढते, तेवढ्यात कोळ्याच्या तीन पिढ्या तिच्याच रक्तावर निघतात. मग ती अंडी टाकून उठते आणि आपण तिलाच नाव ठेवतो की कोंबडी वाईट!

आता खरा राग ज्या गोष्टीचा यावा ती सांगतो. खुराड्यात किडे दिसले की घरचा माणूस काय करतो? फवारणीतून उरलेली बाटली काढतो. झाकणभर औषध बादलीत, बादली खुराड्यात, कधी तर कोंबडीच्याच अंगावर. दुकानदाराला विचारले तर तोही तीच बाटली पुढे करतो, कारण त्याच्या फळीवर तीच आहे. त्या बाटलीवर कपाशीचे नाव आहे, कोंबडीचे नाही. मोनोक्रोटोफॉससारखे औषध तर पाखरांना अतिशय जहाल. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मोकळ्या वावरात हे विष माणूस मारते, तर ओट्याला लागून असलेल्या खुराड्यात, जिथे लेकरू अंडे शोधायला हात घालते, तिथे ते काय करील?

त्याच २०१७ साली युरोपात काय झाले ते ऐका. हॉलंडच्या पोल्ट्रीत हाच लाल कोळी मारायला वनस्पतीचे म्हणून विकलेल्या औषधात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. फुलकिड्यांसाठी कपाशीवर मारतात तेच फिप्रोनिल. ते अंड्यात उतरले. हॉलंड, बेल्जियम, जर्मनीतल्या दुकानांतून लाखो अंडी उचलून नष्ट केली, फार्म बंद केले. तिथल्या गिऱ्हाइकाच्या ताटात विष आले तेव्हा सरकारे हलली. आपल्या लेकराच्या ताटातले अंडे कोण तपासतो? कोणी नाही. म्हणून आपणच तपासायचे, आणि विष मुळात आत जाऊच द्यायचे नाही.

पिल्ले वाटणाऱ्या योजना, सरकारी असोत की संस्थांच्या, यांनाही एक प्रश्न. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या. २०१२ पेक्षा ही वाढ ४५ टक्क्यांहून जास्त. मोठ्या फार्मांची वाढ साडेचार टक्के. म्हणजे परसातली बाई फार्मवाल्याच्या दहापट वेगाने पुढे गेली. तिला पिल्ले देता, फोटो काढता. पण ती रात्री कुठे बसतील हे विचारता का? जुन्या कोळ्यांनी भरलेल्या खुराड्यात नवी पिल्ले सोडणे म्हणजे चोराच्या घरी थैली ठेवायला देणे.

तक्रार झाली, आता काम. पैसा फारसा लागत नाही.

पहिले, चोर पकडा. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा. कोंबड्या बसतात त्या दांडीखालून पांढरा कपडा फिरवा. लाल डाग पडले तर कोळी आहे.

दुसरे, कोंबड्या बाहेर गेल्या की खुराडे रिकामे करा. जुना पेंढा घरापासून दूर नेऊन जाळा. डाली कडक उन्हात टाका. फटीफटीत उकळते पाणी ओता. वाळले की शेणमातीने चिरा लिंपा आणि वरून चुन्याची निवळी नव्हे, दाट चुना द्या. चुना सुकेपर्यंत कोंबड्या आत नको. सात-आठ दिवसांनी हेच पुन्हा करा, कारण पाण्यातून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. एकदाच करून थांबणारा फसतो. खुराडे नुसते रिकामे ठेवूनही भागत नाही. कोळी काही महिने उपाशी जगतो.

तिसरे, पोकळ बांबूची दांडी काढा. साल सोललेली, गुळगुळीत, भरीव लाकडाची दांडी बसवा. ती भिंतीला टेकू देऊ नका आणि तिचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवा. कोळी उडत नाही, चालत येतो.

चौथे, कोरडी माती आणि चुलीची राख यांचा खड्डा पावसापासून आडोशाला ठेवा. कोंबडी त्यात लोळून आपली पिसे आपणच साफ करते. कोळ्याची एक जात दिवसाही अंगावरच राहते. शेपटीखालची पिसे मळकट काळी दिसतात. अशा वेळी राखेत थोडी साधी गंधकाची भुकटी मिसळा, दुसरे काही न मिसळलेली. राखेने कोळी कमी होतो, संपत नाही. खुराडे साफ करणे चुकत नाही.

पाचवे, पायाचे खवले उचललेले, पाय जाड आणि खरबरीत झालेले दिसले तर तो खवल्याखालचा कोळी. कोमट साबणपाण्यात पाय भिजवा, सुटलेली खपली हलक्या हाताने काढा, जबरीने ओढू नका. वर खोबरेल किंवा करंजीचे तेल चोपडा. आठवड्याने पुन्हा, काही आठवडे. रॉकेल लावू नका, कातडी भाजते.

सहावे, बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डाल्याखाली ठेवा.

एवढ्याने भागले नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कोंबडीसाठीचे औषध किती, कसे आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिघेही प्रश्न विचारून घ्या. बैलाचे इंजेक्शन अंदाजाने कोंबडीला देऊ नका. फवारणीचा डबा कापून कोंबडीला पाणी ठेवू नका. जुनी माणसे गॅमेक्झिन सुचवतील; त्यावर १९९७ साली बंदी आली. कार्बारिलची भुकटी २०१८ साली बंद झाली. घरात कुठे पुडी उरली असेल तर ती वापरू नका.

आणि मागणी एकच. चंद्रपूर आणि गडचिरोलीत जो कोणी पिल्ले वाटील, त्याने आधी खुराडे पाहावे आणि कोळ्याचे ज्ञान घरच्या बाईला तिच्या बोलीत द्यावे. हे होत नसेल तर पिल्ले परत न्यावीत.

पुढच्या सभेला येण्याआधी एक रात्र बॅटरी घेऊन आपापल्या खुराड्यात जाऊन या. मायबहिणींनी काय पाहिले ते त्यांनीच सभेत सांगावे. कोंबडी त्यांची आहे, बोलण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.