अर्ध्यावर सोडलेलें आख्यान

व्हिडिओ गेमविषयीं या मासिकांत कांहीं लिहावें, हेंच पुष्कळांस रुचणार नाहीं. खेळ तो खेळ. त्याचें परीक्षण तें काय करावयाचें, असें आमच्या प्राध्यापकवर्गांत मीं अनेकदां ऐकलें आहे. परंतु जो खेळ कथा सांगतो, आणि ज्याचे भाग २००७ पासून एकामागून एक निघत आले आहेत, तो सोंगट्यांच्या पटासारखा कसा मानावा? कथेला जो न्याय, तोच त्याला.

'ॲसॅसिन्स क्रीड' ही ती मालिका. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें ती काढली, आणि तिची मूळ कल्पना खरोखर सुंदर होती. डेझमंड माइल्स या आजच्या काळांतल्या तरुणास एका यंत्रांत निजवून, रक्तांतून उतरलेल्या त्याच्या पूर्वजांच्या स्मृति जागवावयाच्या. त्या स्मृतींतून खेळणारानें कधीं क्रुसेडांच्या काळचें जेरुसलेम, तर कधीं मेडिची घराण्याचें फ्लॉरेन्स पाहावयाचें. २००९ ते २०११ या काळांत निघालेल्या तीन खेळांनीं एझिओ या नायकास उच्छृंखल तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत आणून सोडलें. हें चरित्र चांगल्या कादंबरीकारासही शोभावें असें उतरलें आहे, हें मी मोकळ्या मनानें कबूल करतों.

पण डेझमंडचें काय झालें? पांच वर्षें आणि पांच खेळ ज्याची उत्कंठा वाढविली, तो २०१२ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या खेळांत सूर्याच्या प्रकोपापासून पृथ्वी वाचवितांना प्राण देतो. आणि त्याच कृत्यानें जुनो ही मानवपूर्व वंशांतली कारस्थानी स्त्री बंधमुक्त होते. येथें पडदा पडला. पुढील वर्षींच्या 'ब्लॅक फ्लॅग' मध्यें ती छायेसारखी वावरली, २०१५ च्या 'सिंडिकेट' मध्यें तिनें पुन्हां डोकें वर काढलें. आणि २०१७ च्या 'ओरिजिन्स' मध्यें लैला हसन ही नवीच नायिका अवतरली. माझा पुतण्या मला विचारी, "काका, ती जुनो गेली कुठें हो?" मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा, मला काय ठाऊक! पुढें शोधाअंतीं कळलें कीं, जुनोचा वध झाला होता, पण तो खेळांत नव्हे, तर 'अपरायझिंग' नांवाच्या एका चित्रमय पुस्तकमालेंत, २०१८ सालीं. कीर्तनकारानें ऐन रंगांत आख्यान थांबवावें आणि उरलेलें ऐकावयाचें असेल तर पलीकडच्या गांवच्या देवळांत जा म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. बरें, देवळाचें नांवही सांगावयाचें नाहीं!

यावर ठराविक उत्तर असें कीं, लोकांस इतिहासाचा भाग आवडतो, आधुनिक काळचा भाग कंटाळवाणा होतो. तो कधींकधीं कंटाळवाणा होता, हें खरें. मग तो पहिल्याच खेळांत गाळावयाचा होता. प्रत्येक खेळाच्या शेवटीं त्याच भागाचा पेंच टाकून पुढच्या खेळाचें गिऱ्हाईक बांधून ठेवावयाचें, आणि पेंच सोडविण्याची वेळ आली म्हणजे लोकरुचीकडे बोट दाखवावयाचें, ही व्यापारांतलीही सचोटी नव्हे, मग कलेंतली कोठून असणार? कॉनन डॉइलनें १८९३ सालीं होम्सला दरींत लोटलें तें कंटाळूनच. परंतु दहा वर्षांनीं त्याला परत आणतांना, तो वांचला कसा याचा खुलासा त्यानें त्याच 'स्ट्रँड' मासिकांत केला. खुलासा फारसा पटण्यासारखा नव्हता. पण ज्या वाचकांचें देणें होतें त्यांनाच तो दिला. आमच्याकडे हरिभाऊ आपट्यांनीं 'करमणूक' पत्रांतून कादंबऱ्या क्रमशः दिल्या, तेव्हां 'पण लक्षांत कोण घेतो?' ची अखेर दुसऱ्या एखाद्या नियतकालिकांत छापण्याचें त्यांच्या स्वप्नींही आलें नसतें.

लैलेच्या वांट्यालाही तेंच आलें. २०२० च्या 'वल्हाला' मध्यें ती यंत्रांतच अडकून राहिली, आणि तिच्या जागीं हजार वर्षांपूर्वींचा बसिम आजच्या जगांत येऊन उभा राहिला. आतां तो काय करणार? २०२३ सालीं 'मिराज' निघाला, त्यांत नायक बसिमच. पण कथा नवव्या शतकांतल्या बगदादची, त्याच्या तारुण्यांतली. पुतण्यानें तो विकत घेतला नाहीं.